आत राहिलेली

"तुम्ही जिवंत आहात ना?" असं फोनवरच्या बाईनं विचारलं, तेव्हा ती बर्फात थर्मामीटर रोवत होती. हे काम घाईचं नाही. बर्फ आधी बारीक फोडायचा, शुद्ध पाण्यात कालवायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, मग काचेची नळी सरळ उभी धरून हळूहळू आत सरकवायची आणि पारा थांबेपर्यंत आपला श्वाससुद्धा तिच्यावर पडू द्यायचा नाही. फोन तिनं मान वाकडी करून खांद्यात धरला होता. प्रश्न ऐकून तिची मान सरळ झाली, फोन टेबलावर पडला, आणि तो उचलायला ती वाकली तेव्हा हातातली नळी बर्फाबाहेर आली. पारा चढायला लागला. फोनमधून आवाज येतच होता. "माफ करा हं, असं विचारायचं नव्हतं मला. सकाळपासून घोकत होते, नमस्कार, मी अमुक बोलतेय, आणि तोंडातून नेमकं हेच निघालं. मी तुमच्या विज्ञानाच्या सरांची मुलगी. कशावरून सरांची."

कशावरून सर. प्रयोगशाळेतला पंखा चालू होता, पलीकडे काचसामान धुणारे मामा बाटल्या पालथ्या घालत होते, आणि हे नाव इतक्या वर्षांनी, शाळेपासून एवढ्या लांब, एका अनोळखी बाईच्या तोंडून आलं. सर प्रत्येक वाक्यावर "कशावरून?" म्हणायचे. पाणी उकळतंय, कशावरून? आज सोमवार आहे, कशावरून? एकदा शिपायानं येऊन सांगितलं की मोठ्या बाईंनी बोलावलंय, तर सरांनी त्यालाही सोडलं नव्हतं. "बाबांना तुम्ही सगळे काय म्हणायचात ते माहितेय मला," फोनवरची मुलगी म्हणाली. "आईसुद्धा चिडली की तेच म्हणायची. ऐका ना, बाबा जेवत नाहीयेत. ताट पुढे केलं की ढकलतात. म्हणतात, ती आत आहे, आधी तिला काढा. कोण आत आहे विचारलं की तुमचं नाव घेतात, आडनावासकट, हजेरी घेतल्यासारखं. शाळेत आग लागली होती म्हणे, आणि तुम्ही त्यात..." ती थांबली. "शाळेत विचारलं तर ते म्हणतात, आमच्याकडे आगीची नोंदच नाही. शेवटी कुणीतरी तुमचा नंबर दिला. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, त्यांना हवं ते माणूस दाखवा. येऊन नुसत्या उभ्या राहाल का समोर?"

"येते," ती म्हणाली. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं म्हणून पुढे म्हणाली, "आहे मी. म्हणजे, बोलतेय." मामा बाटली पुसता पुसता हसले. "बाई, तुम्हाला जेवलात का विचारलं तरी तुम्ही 'बहुधा' म्हणता. आता जिवंत आहात का त्याचीही खात्री नाही का?" तिनं नळी परत बर्फात घातली. पारा खाली यायला लागला. इथे, या खोलीत, ती कधी 'बरोबर' हा शब्द लिहीत नसे. लोक आपले थर्मामीटर तपासायला पाठवायचे, ती ते प्रमाण थर्मामीटरशेजारी उभे करायची आणि लिहायची, अमुक अंशाला चूक एवढी, आणि या चुकीबद्दलची शंका एवढी. खऱ्याच्या किती जवळ हे सांगता येतं, खरं हातात येत नाही. हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. सातवीच्या वर्गात एका आठवड्यात शिकवलं गेलं होतं, तेही असं की पुढे कधी विसरता आलं नाही.

त्या सोमवारी सर वर्गात आले आणि खडूसुद्धा न उचलता म्हणाले, "मागच्या वर्षी प्रयोगशाळेत आग लागली, तेव्हा कोण कोण होतं?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सर म्हणाले, घाई नाही, आठवा. पावसाळी हवा होती, घंटा वाजली नव्हती, पहारेकरी बादली घेऊन धावला होता. आठवा. आणि ते खुर्चीत बसून राहिले. शेवटी मागून एक मुलगा म्हणाला, बादली हिरवी होती ना सर? सर म्हणाले, "आणखी?" एवढंच. शाबास नाही, चूक नाही. त्या आठवड्यात रोज विज्ञानाच्या तासाला आग लागायची. प्रत्येकानं काहीतरी सांगायचं, आधी कुणी सांगितलेलं चालणार नाही, आणि सर फक्त आणखी म्हणणार. पडदा खालून पेटला. नाही, वरून. नळाला पाणी नव्हतं. वर्गातला बुटका, ज्याला आरशात बघायची फार हौस, त्यानं आपल्या भुवया तेव्हा जळाल्या होत्या असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच त्या विरळ दिसायला लागल्या. एक मुलगी रडली. तिला कुणी चिडवलं नाही, कारण तोवर सगळ्यांच्याच नाकात धूर होता. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना विचारायची, तू कुठल्या दारानं आलास? मी खिडकीच्या. मी तुझ्या मागेच होतो की. भांडणंसुद्धा झाली, कोण आधी बाहेर आलं यावरून.

तिची पाळी सगळ्यांत शेवटी आली. तोवर आगीतलं सगळं वाटून संपलं होतं. पडदा, बादली, नळ, दार, जिना, पहारेकऱ्याची टोपी, प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या नावावर झाली होती. ती उभी राहिली. बाकाच्या कडेला नख लावत राहिली. आणि म्हणाली, "सर, मी आतच राहिले होते." वर्ग हसला. हसणारच, ती समोर उभी होती. फक्त सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, तिच्याकडे असं बघितलं की जणू खोलीत दुसरं कुणी नाही, आणि म्हणाले, "आणखी?" तिनं डोळे मिटले आणि तिला दिसलं. ती मोठ्या टेबलाखाली बसली होती. फरशी गार होती. धूर वर होता, खाली हवा होती, आणि त्या हवेतून तिला फक्त बूट दिसत होते, दाराकडे जाणारे बूट, सगळ्यांच्या टाचा. ती सांगत गेली. वर्गाचं हसू मधेच कुठेतरी थांबलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

शनिवारी सरांनी सगळ्यांना रांगेनं प्रयोगशाळेत नेलं. पडदा जागेवर होता, जुना, निळा, कडेला शाईचा डाग असलेला, पण जळलेला नाही. टेबल होतं. छत पांढरं होतं. सर म्हणाले, "या खोलीत आग कधीच लागली नाही. आग तुम्ही लावलीत. आता विचार करा, तुम्हाला अजून काय काय आठवतं, आणि कशावरून." मुलं आधी गप्प झाली, मग हसली, मग बुटक्याच्या भुवयांवर तुटून पडली. तिला मात्र हसू आलं नाही. ती टेबलाशी गेली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "पण सर, मला वास येतोय." सर म्हणाले, "वास पुरावा नसतो. वास तुझा असतो." ते वाईट स्वरात म्हणाले नव्हते. खुशीत होते. धडा जमला होता, इतका छान जमेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नसेल, आणि तो सगळ्यांत जास्त जमला होता तिच्या बाबतीत. पुढच्या आठवड्यात पालकांची रांग लागली. कुणाच्या पोरानं बापाला तोंडावर विचारलं होतं की तुम्ही मला लहानपणी फिरायला नेलंत ते कशावरून. कुणाची पोरगी झोपेत किंचाळत होती. वर्ष संपलं आणि सर शाळेत दिसले नाहीत.

मुलं विसरली. तिला ते जमलं नाही, म्हणजे नेमकं सांगायचं तर तिला विसरणं आणि आठवणं यांतला फरक पुन्हा कधी नीट कळला नाही. आठवण आली की ती तिला उलटी करून बघायची, खालच्या बाजूला कुणाचा हात लागलाय का. नवरा एकदा वैतागून म्हणाला होता, "आपलं लग्न झालेलं तरी आठवतं का तुला?" आणि ती म्हणाली होती, "फोटो आहेत." विनोद म्हणून म्हणाली असती तर निभावलं असतं. तो बरेच दिवस तिच्याकडे बघत राहिला आणि मग निघून गेला, फार आवाज न करता. आणि आईच्या शेवटच्या दुपारी खोलीत घरचं म्हणून ती एकटीच होती. आई डोळे मिटून पडली होती, नर्स सलाइन बदलत होती, आणि आई काहीतरी म्हणाली. थकलीस का ग, असं. नर्सला म्हणाली की तिला, की कुणालाच नाही, की तिनं ते नंतर कधी स्वतःच बनवलं? दादा आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं जिन्यातच तिचे खांदे धरले आणि विचारलं, "काही म्हणाली का ग आई?" आणि ती म्हणाली, "सांगता येणार नाही." दादानं हात काढून घेतले. त्याला वाटलं, आई काहीतरी बोलली आणि ही सांगत नाही. त्यानंतर त्याचे फोन आले ते कामापुरते. एक वाक्य होतं, तीन शब्दांचं, ते त्याला दिलं असतं तर काय गेलं असतं? पण त्या वाक्याची चूक किती आणि शंका किती, हे तिला ठरवता आलं नाही. ज्या गोष्टीचा पुरावा नाही ती आपल्या तोंडून जाऊ नये, एवढं एकच तिनं आयुष्यात पाळलं. पाळलं म्हणजे तेवढंच उरलं होतं.

रविवारी दुपारी ती गेली. लिफ्ट बंद होती. जिना अरुंद आणि स्वच्छ, प्रत्येक मजल्यावर चपलांचे जोड. चढता चढता तिला जाणवलं की आपण खूश आहोत, आणि ती जिन्यातच थांबली. दयेनं आलो असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. पण आत खोल कुठेतरी वेगळंच काहीतरी हात चोळत बसलं होतं. आता बघा सर. आता तुम्ही बसलात त्या टेबलाशी. आता तुम्हाला कसं वाटतं ते सांगा, आणि मी म्हणते, आणखी?

दार मुलीनं उघडलं. पन्नाशीची, केस कसेतरी बांधलेले, हातात सूपचा वाडगा. "आलात. या. आत्ताच पुन्हा ढकललं बघा," ती म्हणाली आणि वाडगा कुठे ठेवावा ते न सुचून तसाच धरून पुढे चालायला लागली. सर खिडकीपाशी खुर्चीत होते. एवढासा माणूस. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल उभी, गालांची हाडं वर आलेली. हात मात्र तेच, लांब बोटांचे. "बाबा, कोण आलंय बघा," मुलगी म्हणाली. तिनं आपलं नाव सांगितलं, शाळेतलं पूर्ण नाव. सरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरे झालेले केस, चष्मा, खांद्याची पर्स.

"कशावरून?" ते म्हणाले.

मुलीनं कपाळावर हात मारला. "झालं सुरू."

"ती लहान आहे," सर म्हणाले. "खिडकीकडच्या रांगेत बसते. तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही, पण तुम्ही उगाच वेळ घालवताय. ती आत आहे."

ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. बोलायचं ते तिनं जिन्यात ठरवलं होतं, आणि ते खरं होतं. "सर, आग लागलीच नव्हती. तुम्हीच आम्हाला सांगितलंत. पडदा दाखवलात. तो धडा होता."

"मग वास कसला येतोय?"

"वास पुरावा नसतो, सर."

हे वाक्य तिच्या तोंडून इतकं अलगद, इतकं तयार निघालं की तिला स्वतःचीच भीती वाटली. सरांनी मान खाली घातली. त्यांचे ओठ हलत होते. एखाद्या मुलाला फळ्यापाशी उभं केलंय आणि उत्तर येत नाहीये, तसे ते मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. "पण येतोय ग," ते म्हणाले. वर्गातल्या कुणाला ते कधी ग म्हणाले नव्हते. आणि खुर्चीतल्या माणसाच्या जागी तिला टेबलापाशी वाकलेली ती मुलगी दिसली, जिला मागे ठेवून, धडा छान जमला म्हणून, सगळे घरी गेले होते. सूड म्हणून जे काही तिनं जिन्यावरून वर आणलं होतं, ते आता कुठे टाकावं ते तिला कळेना. सरांची मुलगी दाराशी उभी होती, वाडगा दोन्ही हातांत. माणूस न जेवता किती दिवस काढतो याचं उत्तर तिला माहीत होतं, आणि या माणसाकडे ते दिवस फारसे उरलेले दिसत नव्हते.

"सर," ती म्हणाली, "मी टेबलाखाली होते."

सरांनी मान वर केली.

"मोठ्या टेबलाखाली. फरशी गार होती. धूर वर होता, खाली श्वास घेता येत होता."

"काय दिसत होतं?" आवाज एकदम बदलला, कोरडा, वर्गातला.

"बूट."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे. दाराकडे जाणारे."

 सर खूप हळू म्हणाले, "माझे होते त्यांत?"

हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता, तिनंही स्वतःला विचारला नव्हता. तिनं डोळे मिटले. तिथे गेली. धूर होता तिथेच होता, टाचा चालल्या होत्या, लहान, धुळीनं भरलेल्या, आणि त्यांच्यात एक जोडी मोठी होती, तपकिरी, उजवी टाच आतल्या बाजूनं झिजलेली. होते. ते होते आणि चालले होते. आपण हे आत्ता, या क्षणी केलं की ते पहिल्यापासून तिथे होतं, हे विचारायला तिच्या आत कुणीतरी उभं राहिलं, आणि तिनं त्याला खाली बसवलं.

"होते," ती म्हणाली. "पण परत आले."

"कशावरून?"

"आधी टाच दिसत होती. उजवी टाच झिजलेली. मग धुरातून पुढची बाजू दिसली. नाड्या दिसल्या. बूट माझ्याकडे तोंड करून येत होते, सर. जाणाऱ्या बुटाच्या नाड्या दिसत नाहीत."

सर पुढे वाकले. त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून हलेनात. "मग?"

"मग तुम्ही वाकलात. मला ओढलंत, उचललंत, खांद्यावर घेतलंत. जिन्यानं खाली आणलंत."

"जड होतीस?"

"दप्तर सोडायला तयार नव्हते मी."

खुर्चीतून एक बारीकसा आवाज आला. सर हसत होते. "अगदी तशीच होती ती," ते मुलीकडे बघून म्हणाले, जणू तिलाच समजावत होते. "सोडायची नाही काही." मग त्यांचा डावा हात उचलला गेला, उजव्या खांद्यावर गेला आणि चोळायला लागला. "म्हणून हा दुखतो तर. मी म्हणत होतो, दुखतो कशानं." मुलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खांदा मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडल्यानं दुखावला होता, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग तिनं तोंड मिटलं. पुढे येऊन वाडगा बापाच्या हातात दिला, आणि सरांनी तो घेतला. पहिला चमचा सांडला. दुसरा तोंडात गेला. ते खात होते, मधेच चमचा थांबवून तिच्याकडे बघत होते, आणि परत खात होते.

मुलगी तिला दारापर्यंत सोडायला आली. डोळे पुसायची तिला लाज वाटत नव्हती. "आयुष्यभर ऐकलं हो, की तुझ्या बापाला शाळेनं काढलं. पोरांची डोकी फिरवली म्हणून. आई शेवटपर्यंत त्यावरून बोलायची. आणि हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला. त्यांनीसुद्धा नाही." मुलीनं तिचा हात घट्ट धरला. आता म्हणायला हवं होतं. नाही हो, आग लागली नव्हती, मी ते त्यांच्यासाठी म्हटलं. सोपं वाक्य होतं, पुराव्यासकट होतं, निळ्या पडद्यासकट. तिनं ते जुळवलं, जिभेवर आणलं. समोरचा चेहरा उघडा होता, जिन्यात एकदा दादाचा होता तसा, आणि तेव्हा ती खरं बोलली होती. "येते मी," ती म्हणाली.

ती उतरायला लागली. हात कठड्यावर होता, पाय पायऱ्यांवर होते, पण चाल नेहमीची नव्हती. प्रत्येक पायरीला हनुवटीखाली काहीतरी टणक आपटत होतं, कुणाच्या खांद्याचं हाड, आणि पोट दाबलं जात होतं, आणि पायऱ्या उलट्या दिशेनं, वर, लांब जात होत्या. ती मधल्या वळणावर थांबली. वरचं दार अजून उघडंच होतं. मुलगी फोनवर बोलत होती, मोठ्यानं, जसं लांबच्या माणसाशी बोलतात तसं. "अरे, तुझ्या आजोबांनी! हो, स्वतः! खांद्यावर टाकून! अरे, जिना पेटला होता सगळा, पायऱ्या पेटल्या होत्या, त्यातून आणलं तिला. ती स्वतः सांगून गेली आत्ता."

ती वळली. हे असं पसरू देता येणार नाही, हे चूक आहे, जाऊन सांगायला हवं. ती भराभर वर चढली, उघड्या दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. मुलीनं फोन कानापासून दूर केला आणि प्रश्नार्थक बघितलं.

"पायऱ्या पेटल्या नव्हत्या," ती धापा टाकत म्हणाली. "धूर होता नुसता. पायऱ्या गार होत्या. मला चांगलं आठवतंय."